बेगमपेठेतला अडतिसावा डास

नल्लाकुंट्याकडून जाणाऱ्या बसमध्ये कंडक्टर फीव्हर हॉस्पिटल, फीव्हर हॉस्पिटल म्हणून ओरडतो. चार माणसं उतरतात, चार चढतात. आपल्यापैकी कितीतरी जण रोज त्या स्टॉपवरून कॉलेजला येतात. पण या दवाखान्याचं कागदोपत्री नाव फीव्हर हॉस्पिटल नाहीच. ते नाव आहे सर रोनाल्ड रॉस यांचं. आणि तिथून काही किलोमीटरवर, बेगमपेठेत जुन्या विमानतळाच्या बाजूला, उस्मानिया विद्यापीठाकडे असलेली एक जुनी इमारत आहे. तिलाही रॉसचंच नाव आहे. हिवताप डासामुळे पसरतो हे आपण शाळेच्या पुस्तकात एका ओळीत वाचून मोकळे होतो. त्या ओळीचा पहिला पुरावा आपल्याच गावात, याच बेगमपेठेत हाती लागला, हे मात्र आपल्याला ठाऊक नसतं.

या रॉसची गोष्ट सांगायची तर सुरुवातच विचित्र आहे. ज्या माणसाला वैद्यकशास्त्रातलं नोबेल मिळालं, त्याला डॉक्टर व्हायचंच नव्हतं.

१३ मे १८५७ रोजी तो अल्मोड्याला जन्मला. साल लक्षात घ्या. मेरठला बंडाचा भडका उडून तीनच दिवस झाले होते. वडील कंपनीच्या फौजेत अधिकारी, पुढे जनरल झाले. दहा भावंडांत हा थोरला. आठव्या वर्षी त्याची रवानगी विलायतेला झाली आणि तो काका-काकूंकडे, मग बोर्डिंग शाळेत वाढला. मुलाला चित्रकला आवडायची, संगीत आवडायचं, कविता आवडायच्या. सोळाव्या वर्षी चित्रकलेच्या परीक्षेत तो पहिला आला. गणितातही बक्षीस मिळवलं. पण वडिलांनी ठरवलं होतं की पोरानं डॉक्टर व्हायचं आणि हिंदुस्थानात सरकारी नोकरी करायची. आपल्या घराघरांत आजही हाच संवाद चालतो, त्यामुळे जास्त समजावून सांगायला नको. १८७४ मध्ये त्याला लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात दाखल केलं गेलं. तिथे त्याचं लक्ष अभ्यासापेक्षा सूर आणि शब्द जुळवण्यात जास्त. एका परीक्षेत नापासही झाला. मग काही काळ आगबोटीवर डॉक्टर म्हणून काम करत त्यानं तीच परीक्षा पुन्हा दिली, आणि १८८१ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये त्याला जागा मिळाली.

पुढची काही वर्षं मद्रास, बंगळूर, ब्रह्मदेश, अंदमान अशा बदल्यांत गेली. काम बेताचं असे. उरलेल्या वेळात तो कविता लिही, नाटकं लिही, गणिताची जाडजूड पुस्तकं स्वतःच वाचून काढी. त्यानं स्वतःची लघुलिपी तयार केली. १८८९ मध्ये त्याची एक कादंबरीही छापून आली. त्याच वर्षी रोझा ब्लॉक्सम हिच्याशी त्याचं लग्न झालं.

या काळातली बंगळूरची एक छोटीशी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. तिथल्या बंगल्यात डासांनी त्याला हैराण केलं होतं. शोधता शोधता त्याला खिडकीबाहेर एक पाण्याचं पिंप दिसलं, आणि त्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. पिंप उपडं केलं, डास कमी झाले. मग त्यानं लष्करातल्या वरच्या अधिकाऱ्याला सुचवलं की मेसभोवतीची भांडी-डबडीही अशीच रिकामी करू या. त्या अधिकाऱ्याला हे अजिबात पटलं नाही. डास देवानं निर्माण केले आहेत, ते सोसायचे असतात, अशा थाटात त्यानं नकार दिला. डास आणि हिवताप यांचा काही संबंध असेल हे तेव्हा रॉसच्याही डोक्यात नव्हतं. पण ते पिंप त्याच्या डोक्यात राहिलं.

हिवताप तेव्हा काय होता याची आज कल्पना करणं अवघड आहे. थंडी वाजून अंग लटलटा कापायचं, मग ताप, मग घाम, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. औषध एकच, कोयनेल. पण रोग येतो कुठून हे कुणालाच माहीत नव्हतं. मलेरिया या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच मुळी वाईट हवा असा आहे. दलदलीतून घाण वाफ उठते आणि माणूस आजारी पडतो, अशी समजूत शेकडो वर्षं चालत आली होती. १८८० मध्ये अल्जीरियात लाव्हरान नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरला रोग्याच्या रक्तात हलणारे सूक्ष्म जीव दिसले. रॉसनं आपल्या सूक्ष्मदर्शकातून ते शोधायचा प्रयत्न केला. त्याला काही दिसेना. तेव्हा त्यानं काय केलं? लाव्हरानचं म्हणणंच चूक आहे, हिवताप पोटातल्या बिघाडानं होतो, असे लेख लिहिले! ज्या जंतूमुळे त्याला नोबेल मिळणार होतं, त्या जंतूच्या अस्तित्वावरच तो सुरुवातीला विश्वास ठेवत नव्हता.

१८९४ मध्ये तो रजेवर लंडनला गेला आणि पॅट्रिक मॅन्सनला भेटला. मॅन्सन वयानं मोठा, चीनमध्ये बरीच वर्षं काढलेला डॉक्टर. हत्तीरोगाचे जंतू माणसाच्या रक्तातून डासाच्या पोटात जातात आणि तिथे वाढतात, हे त्यानं १८७७ मध्येच दाखवलं होतं. त्यानं रॉसला नीट रंगवलेल्या काचपट्टीवर हिवतापाचा जंतू दाखवला. आणि त्याच वर्षाच्या शेवटी, ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून चालता चालता, आपला अंदाज सांगितला: हिवतापाचा जंतूसुद्धा डासाच्या पोटातच पुढची वाढ घेत असणार. अंदाज अर्धा बरोबर होता, अर्धा चूक. मॅन्सनला वाटत होतं की डास एकदाच रक्त पितो, मग पाण्यावर मरून पडतो, आणि ते पाणी प्यायल्यानं माणसाला ताप येतो. रॉसनं हा अंदाज उराशी धरला आणि मार्च १८९५ मध्ये हिंदुस्थानची बोट पकडली. एप्रिलच्या शेवटी तो सिकंदराबादेत, बेगमपेठेतल्या मद्रासी पायदळाच्या पलटणीवर रुजू झाला. हैदराबादच्या गादीवर तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान होते, आणि सिकंदराबाद ही इंग्रजांची छावणी होती.

इथून खरी गोष्ट सुरू होते.

रॉसनं माणसं लावून डासांच्या अळ्या गोळा केल्या आणि बाटल्यांत वाढवल्या. दवाखान्यातला अब्दुल कादिर नावाचा हिवतापाचा रोगी त्याला मिळाला. रोग्याला मच्छरदाणीत झोपवायचं आणि डास आत सोडायचे! आपण डास बाहेर राहावेत म्हणून मच्छरदाणी लावतो, हा गडी आत राहावेत म्हणून लावत होता. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे रोग्याला पैसे मिळत. मग रक्त प्यालेला डास मारायचा, सुईनं त्याचं पोट फाडायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली कणकण तपासायचं. पाण्याचा अंदाज पडताळायला त्यानं लछमन नावाच्या एका धडधाकट तरुणाला, मेलेले डास असलेलं पाणी चक्क प्यायला दिलं. अकराव्या दिवशी लछमनला तीन दिवस ताप आला, पण रक्तात जंतू सापडले नाहीत. असला प्रयोग आज कुठलीही समिती मंजूर करणार नाही, आणि करूही नये.

मग पटकीच्या साथीसाठी बंगळूरला बदली झाली. दीडेक वर्ष त्यात गेलं. १८९७ च्या सुरुवातीला तो रजा काढून उटीच्या पायथ्याशी सिगूर घाटात गेला, कारण तिथे हिवताप भरपूर होता. तिथे शोध लागायच्या आधी त्याला स्वतःलाच हिवताप झाला. जूनमध्ये तो पुन्हा सिकंदराबादेत परतला.

हा १८९७ चा उन्हाळा आणि पावसाळा आपल्या लोकांच्या ओळखीचा आहे. मुंबई-पुण्यात प्लेगनं थैमान घातलं होतं. २२ जूनला पुण्यात चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, जुलैअखेर टिळकांना अटक झाली. सरकारी डॉक्टर म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा यायचा. तिकडे हे सगळं घडत असताना इकडे बेगमपेठेत एक चाळिशीचा लष्करी डॉक्टर घामाघूम होऊन डासांची पोटं फाडत बसला होता. पंखा लावायची सोय नव्हती, कारण पंख्याच्या वाऱ्यानं डासाचे तुकडे उडून जात. डोळ्यांभोवती चिलटं घोंघावत. कपाळाचा घाम टपकून सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते आणि त्याची डोळा लावायची काच तडकलेली होती. एकेका डासावर तास-दोन तास जात. हाती काहीच लागत नव्हतं.

का लागत नव्हतं? कारण डासच चुकीचे होते. रॉसला डासांच्या जातींची फारशी माहिती नव्हती. तो दोन प्रकार वापरत होता, एक करडा आणि एक पट्टेरी. आज आपल्याला माहीत आहे की त्यांच्यात माणसाचा हिवताप वाढतच नाही. त्यानं डासांचे ढीगच्या ढीग फाडले असते तरी त्याला काही दिसलं नसतं. आता यातली गंमत बघा. त्याला निकामी वाटलेल्या त्या पट्टेरी जातीचे डास डेंगी पसरवतात, आणि करड्या जातीचे हत्तीरोग. आपल्या शहरात आज पावसाळ्यात आपण ज्याला सगळ्यात जास्त घाबरतो, तो पट्टेरी डास रॉसच्या बाटलीत तेव्हाही होता. तो फक्त दुसऱ्याच रोगाचा गुन्हेगार होता.

ऑगस्टच्या मध्यावर त्याच्या माणसानं अळ्यांची एक नवी बाटली आणली. त्यातून निघालेले डास तपकिरी होते, पंखांवर ठिपके होते. ही जात वेगळी. १६ ऑगस्टला हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्यानं त्यांच्यासमोर आपलं अंग उघडं केलं. दहा डास चावले. डासामागे एक आणा या भावानं त्याला दहा आणे मिळाले. पुढच्या चार दिवसांत यातले काही तपासण्यात गेले, काही मेले. अगदी थोडे उरले.

याच दिवसांत दवाखान्यातल्या एका देशी सहायकानं रॉसला भिंतीवर बसलेला एक डास दाखवला. तो शेपूट वर करून तिरका बसला होता. इतर डास भिंतीला समांतर बसतात, ही जात अशी डोकं खाली घालून बसते. आजही ॲनाफिलिस ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण आहे, आणि ती रॉसला एका सहायकानं दाखवली.

दुपारी एकच्या सुमाराला रॉसनं हुसेन खानाचं रक्त प्यालेला एक डास फाडायला घेतला. त्याच्या वहीत तो अडतिसावा. डोळे थकले होते. नेहमीप्रमाणे एकेक भाग पाहून झाला, काही नाही. फक्त पोटाची भिंत राहिली होती. कंटाळून सोडून द्यावं असं वाटण्याची हीच वेळ. पण त्यानं तेही तपासलं. तिथे त्याला एक गोल पेशी दिसली, आणि तिच्यात काळ्या रंगाचे बारीक कण. मग तशीच आणखी एक, आणखी एक. हे काळे कण त्यानं रोग्यांच्या रक्तातल्या हिवतापाच्या जंतूंत असंख्य वेळा पाहिले होते. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास फाडला. त्याच्या पोटातल्या पेशी आदल्या दिवसापेक्षा मोठ्या होत्या. म्हणजे त्या वाढत होत्या! माणसाच्या रक्तातला जंतू डासाच्या पोटाच्या भिंतीत घर करून वाढतो, हे पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. रॉसमधल्या कवीनं लगेच कविता लिहून बायकोला पाठवली. २० ऑगस्ट हा दिवस आज जगभर डास दिन म्हणून पाळला जातो.

डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचा लेख आला. आधार होता फक्त दोन डासांचा. पण त्याच्या आधीच, सप्टेंबरात, त्याला बदलीची तार आली होती. राजपुतान्यात खेरवाडा नावाच्या ठिकाणी, जिथे हिवतापाचे रोगीच मिळेनात. सरकारी बदल्यांना शास्त्राशी देणंघेणं तेव्हाही नव्हतं. रॉस चडफडला, हाताशी पक्षी होते म्हणून कबुतरांचं रक्त तपासत बसला.

१८९८ च्या सुरुवातीला त्याला कलकत्त्यात संशोधनासाठी जागा मिळाली. तिथे नवी अडचण आली. प्लेगच्या लशीच्या भीतीनं लोक इतके धास्तावले होते की बोटाला टोचून रक्त द्यायला कुणी तयार होईना. मग रॉसनं माणसं सोडून चिमण्या धरल्या, कारण पक्ष्यांनाही त्यांचा हिवताप होतो. आणि गंमत अशी, की माणसाच्या हिवतापाला नकार देणारा तोच करडा डास पक्ष्यांचा हिवताप आनंदानं वाहून नेत होता. महंमद बक्ष नावाचा सहायक त्याच्या हाताखाली होता. जुलै १८९८ मध्ये सगळा प्रवास उलगडला: पोटाच्या भिंतीतल्या पेशी फुटतात, त्यातून सुईसारखे जंतू निघतात, ते डासाच्या लाळेच्या ग्रंथीत जाऊन बसतात, आणि डास चावला की लाळेबरोबर नव्या शरीरात शिरतात. निरोगी चिमण्यांना असे डास चावू दिले, त्या आजारी पडल्या. पाणी पिण्याचा अंदाज कायमचा निकालात निघाला. त्याच वर्षाच्या शेवटी इटलीत ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या बाबतीत हेच ॲनाफिलिस डास घेऊन सिद्ध केलं.

१९०२ साली वैद्यकाचं नोबेल रॉसला मिळालं. नोबेल मिळवणारा तो पहिला ब्रिटिश नागरिक, आणि जन्मला होता अल्मोड्यात.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण रॉसचं पुढचं आयुष्य मानापमानात गेलं. शोध खरा कुणाचा, यावरून तो ग्रासीशी वर्षानुवर्षं भांडला. ज्या मॅन्सननं बोट धरून रस्ता दाखवला, ज्याला त्यानं हिंदुस्थानातून पत्रांवर पत्रं लिहिली, त्या गुरूशीही त्याचं बिनसलं, अगदी कायद्याची भाषा करण्यापर्यंत. सरकारनं आपल्याला पुरेसं बक्षीस दिलं नाही ही खंत शेवटपर्यंत होती. १९२८ मध्ये त्यानं आपली कागदपत्रं चक्क जाहिरात देऊन विकायला काढली, आणि एका श्रीमंत बाईनं ती दोन हजार पौंडांना घेतली. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये, त्याच्याच नावानं उभारलेल्या संस्थेत तो वारला.

पण याच भांडकुदळ माणसानं नोबेलनंतर आणखी एक मोठं काम केलं, आणि माझ्या मते ते पहिल्याइतकंच मोठं आहे. लोक त्याला विचारत की देशातला प्रत्येक डास मारणं कसं शक्य आहे? लहानपणापासून गणिताची आवड असलेल्या रॉसनं त्याचं उत्तर समीकरणांनी दिलं. प्रत्येक डास मारायची गरजच नाही. माणसांच्या मानानं डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की रोग आपोआप ओसरत जातो, कारण एका रोग्यापासून सरासरी एकालाही नवी लागण होत नाही. करोनाच्या दिवसांत टीव्हीवर रोज जो लागणीचा आकडा सांगत होते, त्या विचाराचं मूळ इथे आहे. बंगळूरचं ते उपडं केलेलं पिंप आठवा. त्या पिंपाचंच हे गणित झालं होतं. आज महापालिकेची माणसं घरी येऊन कूलरमधलं पाणी ओता म्हणतात, तेव्हा आपण वैतागतो. ते हेच गणित सोडवत असतात.

आता शेवटची गोष्ट. रॉसनं आपल्या आठवणींचं जाडजूड पुस्तक १९२३ मध्ये छापलं. त्याला मानाचं पारितोषिकही मिळालं. कुणी आपल्याला काय म्हटलं, कुणी कुठे श्रेय हिसकावलं, सगळं त्यात तारीखवार आहे. पण भिंतीवरचा तिरका डास दाखवणाऱ्या सहायकाचं नाव त्यात नाही. नाव विसरलो, असं रॉसनं खेद व्यक्त करत नोंदवलं आहे. श्रेयासाठी जन्मभर झगडलेल्या माणसाकडून नेमकं हेच नाव निसटलं. हुसेन खानाचं नाव तरी उरलं. दहा आणे घेऊन तो कुठे गेला, तापातून उठला का, हे कुठेच लिहिलेलं नाही.

रॉसला लहान ठरवण्यासाठी मी हे सांगत नाही. तडकलेल्या काचेतून, घाम पुसत, शेवटची उरलेली पोटाची भिंतसुद्धा तपासणं हे त्याचंच काम होतं, आणि ते कुणी त्याच्याकडून घेऊ शकत नाही. पण अळ्या आणणारा, रक्त देणारा आणि भिंतीकडे बोट दाखवणारा नसता, तर ती भिंत त्याच्यासमोर आलीच नसती.

पुढच्या वेळी फीव्हर हॉस्पिटलच्या स्टॉपवर उतराल तेव्हा पाटीवरचं पूर्ण नाव वाचा. आणि रात्री खोलीत डास दिसला, तर मारायच्या आधी एक क्षण तो बसलाय कसा ते बघा. शेपूट वर असेल, तर ही खूण आपल्याच गावातल्या एका माणसानं पहिल्यांदा रॉसला दाखवली होती, एवढं आठवा. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. मग डास मारा, आणि बादलीतलं पाणी ओतून या.